सेंटर कन्सोल बोट वर्षानुवर्षं सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात मासेमारीसाठी सेंटर कन्सोल बोट (सुकाणू आणि नियंत्रणं मधोमध उभ्या खोक्यात असलेली उघडी बोट) घेतलेल्या, किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उत्तरं देताना २० ते २४ फुटी, फायबरग्लासची, मागे बाहेरून टांगलेलं एकच आउटबोर्ड इंजिन असलेली आणि खाऱ्या पाण्यात चालणारी बोट डोळ्यांसमोर ठेवली आहे. इंजिनाच्या कंपनीचं मॅन्युअल काही वेगळं सांगत असेल, तर मॅन्युअलचं ऐका.

अशी बोट किती वर्षं टिकते?

नीट बांधलेलं फायबरग्लासचं अंग पंचवीस-तीस वर्षं सहज जातं. इंजिन तितकं जात नाही. हौशी मालक वर्षाला ५० ते १०० तास इंजिन चालवतो, आणि आजची चार-स्ट्रोक इंजिनं वेळेवर देखभाल झाली तर दीड-दोन हजार तासांपर्यंत पोहोचतात. म्हणजे तासांच्या हिशेबाने इंजिनही वीस वर्षं चालायला हवं. प्रत्यक्षात बरीचशी इंजिनं त्याआधीच गंजून जातात. वायरिंगला दहा-पंधरा वर्षांनी हात लावावा लागतो. डेकखालची अ‍ॅल्युमिनियमची टाकी पंधरा-वीस वर्षांत संशयित ठरते.

बोट झिजून संपते असं क्वचितच होतं. नको तिथे शिरलेलं पाणी तिला संपवतं: ट्रान्सममधल्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीतल्या) प्लायवूडमध्ये, डेकच्या गाभ्यात, गियरकेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या गियरच्या पेटीत), पेट्रोलच्या टाकीत, वायरच्या टोकात. खालची बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

जुनी बोट घेताना सगळ्यात आधी काय तपासायचं?

ट्रान्सम. इंजिन बदलता येतं, टाकी बदलता येते. सडलेला ट्रान्सम म्हणजे बोटीचा मागचा भाग उघडून नवा बांधायचा.

इंजिन थोडं वर उचला आणि खालच्या टोकावर, म्हणजे स्केगवर, हाताने जोर देऊन सोडा. इंजिनासोबत ट्रान्सम हलताना दिसला, किंवा वरच्या कडेला भेग उघडझाप करताना दिसली, तर तिथेच थांबा. मग प्लॅस्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोकून बघा. घट्ट भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या थराचा भद्द. इंजिनाचे चार मोठे बोल्ट, ड्रेन प्लगची नळी आणि ट्रान्सड्यूसरचे (फिशफाइंडरच्या पाण्यातल्या सेन्सरचे) स्क्रू यांच्याभोवती जास्त वेळ द्या, कारण पाणी तिथूनच आत जातं. स्क्रू काढल्यावर भोकातून तपकिरी पाणी झिरपलं तर आत लाकूड कुजतंय. लाकडाऐवजी कॉम्पोझिट गाभा वापरलेल्या बोटींत कुजण्याचा धोका नाही, पण पाणी साचून थर सुटू शकतात.

त्यानंतर बोट ट्रेलरसकट ट्रकच्या वजनकाट्यावर न्या. यावर खर्च अगदी थोडा होतो आणि हे फार कमी लोक करतात. कंपनीने दिलेल्या रिकाम्या बोटीच्या वजनात इंजिन, पेट्रोल (गॅलनला सुमारे ६.१ पौंड), बॅटऱ्या, सामान आणि ट्रेलर मिळवा. काटा त्याहून चार-पाचशे पौंड जास्त दाखवत असेल, तर डेकखालच्या फोमने पाणी प्यायलं असण्याची दाट शक्यता आहे. असा फोम उघडून काढल्याशिवाय सुकत नाही.

इंजिनाच्या संगणकातून तासांची नोंद काढून घ्या. एकूण तासांइतकंच कोणत्या आरपीएमवर किती तास गेले हेही बघा. कॉम्प्रेशन तपासताना आकडा किती आला यापेक्षा सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का हे पाहायचं. दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर प्रकरण पुढे तपासा.

शेवटी एचआयएन, म्हणजे बोटीचा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक. तो ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात असतो आणि कागदांवरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळायला हवा. खाडाखोड दिसली तर व्यवहार सोडून द्या. आमच्या मते पाच-सातशे डॉलर मोजून स्वतंत्र मरीन सर्व्हेयर नेमणं हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत सत्कारणी लागणारा खर्च आहे. सर्व्हेयर विकणाऱ्याने सुचवलेला नसावा.

नवीन रॉड होल्डर किंवा फिशफाइंडर बसवताना भोक पाडलं तर काय बिघडतं?

भोक पाडून वर सीलंट लावलं आणि स्क्रू पिळला, की दोन-तीन वर्षांनी ते सीलंट सुटतं आणि पाणी थेट गाभ्यात जातं. डेकचा गाभा बाल्सा किंवा प्लायवूडचा असेल तर तिथून कूज पसरत जाते आणि पायाखालचा डेक मऊ लागायला लागतो. योग्य पद्धत थोडी वेळखाऊ आहे:

१. स्क्रूपेक्षा दुप्पट व्यासाचं भोक पाडा. शक्य असेल तिथे खालचा थर शाबूत ठेवा.
२. भोकाच्या आतला गाभा हुकाने कडेकडेने पाव इंच खरवडून काढा.
३. पातळ इपॉक्सी आत फिरवून गाभ्याला पिऊ द्या. मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेला इपॉक्सी भरा.
४. दुसऱ्या दिवशी त्या टणक गोळ्यात स्क्रूच्या मापाचं भोक पाडा आणि वरच्या कडेला किंचित उतार द्या, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते.
५. सीलंट लावून स्क्रू बसवा.

यात सीलंट फुटलं तरी पाणी इपॉक्सीपाशी अडतं. डेकवरच्या सामानासाठी ब्यूटाइल टेप किंवा ४२०० जातीचं सीलंट पुरतं. ५२०० हे कायमचं चिकटवायचं काम करतं. ज्या गोष्टी पुढे कधी काढाव्या लागणार आहेत त्यांना ते लावू नका, काढताना जेलकोटचा (फायबरग्लासवरच्या चकचकीत थराचा) तुकडा सोबत निघतो.

समुद्रावरून परत आल्यावर इंजिन कसं धुवायचं?

प्रत्येक वेळी, त्याच दिवशी, गोड्या पाण्याने दहा ते पंधरा मिनिटं. दोन पद्धती आहेत. फ्लश पोर्टला होज जोडून धुण्यासाठी बऱ्याच मॉडेलांत इंजिन बंद ठेवायचं असतं. दुसऱ्या पद्धतीत पाणी ओढायच्या जाळ्यांवर रबरी कान लावून इंजिन संथ चालवतात, त्यात थर्मोस्टॅट उघडतो आणि आतल्या वाटाही धुतल्या जातात. नेहमी पोर्टने धुतलंत तरी अधूनमधून दुसरी पद्धत वापरलेली बरी. या वेळी पंखा (प्रोपेलर) फिरता नको आणि मागे कुणी उभं नको.

धुऊन झालं की इंजिन पूर्ण खाली, उभं ठेवा, म्हणजे आतलं पाणी निथळतं. वर उचललेल्या अवस्थेत ठेवलं तर थोडं पाणी आत राहतं आणि सुकल्यावर मिठाचे खडे उरतात. थर्मोस्टॅटच्या बैठकीवर असे खडे धरले की तो पूर्ण मिटत नाही, इंजिन गार चालतं, पेट्रोल नीट जळत नाही आणि इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर आधी थर्मोस्टॅट बघा.

१०० तासांच्या सर्व्हिसमध्ये काय काय असतं, आणि तास भरले नाहीत तर?

तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा करायचीच. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, गियर ऑइल, पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा इंधन फिल्टर, स्पार्क प्लग काढून पाहणं, सगळे अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे), ग्रीसचे निपल, थर्मोस्टॅट आणि स्टिअरिंगच्या हायड्रॉलिक तेलाची पातळी एवढं त्यात येतं. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनांत तो साधारण १००० तासांनी किंवा पाच वर्षांनी बदलायचा असतो. पाच वर्षं आधी भरतात आणि नेमकं तेच विसरलं जातं.

गियर ऑइल घरी बदलता येतं का?

येतं, आणि घरीच बदला, कारण जुनं ऑइल स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यातच त्या कामाचा निम्मा फायदा आहे. इंजिन उभं ठेवा. खाली थाळी ठेवून आधी तळाचा स्क्रू काढा, मग वरचा हवेचा. ऑइल धार धरून येऊ लागेल. पहिले दोन-चार थेंब नीट बघा: पाणी ऑइलपेक्षा जड असतं, त्यामुळे रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातून ते सगळ्यात आधी पडतं. ऑइल दुधट आलं तर पाणी मिसळलेलं आहे. तळाच्या स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक असतो. त्यावर मऊ राखाडी लेप असणं नेहमीचंच आहे, बोटांत चोळला की तो कालवलेल्या शिशासारखा पसरतो. टोचणारे कण किंवा चकाकत्या चकत्या मिळाल्या तर गियर किंवा बेअरिंग तुटतंय.

नवं ऑइल खालून पंपाने भरायचं. वरून भरलं तर हवा अडकते. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सलग ऑइल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून चटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर दर वेळी नवे. १५० ते २०० एचपीच्या बऱ्याच इंजिनांना एक क्वार्टच्या आसपास ऑइल लागतं, तरी दोन क्वार्ट हाताशी ठेवा.

ऑइल दुधट आलं. पाणी कुठून शिरलं?

पहिला संशय पंख्याच्या दांड्यावरच्या सीलवर घ्या. पाण्यात तरंगणारी गळाची दोरी पंख्यामागे गुंडाळली जाते, वितळून कडक होते आणि सील कापते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून पंखा काढून मागे बघायचं, दोरी असेल तर काढायची, दांड्याच्या खाचांना मरीन ग्रीस लावून पंखा परत चढवायचा आणि कॉटर पिन नवी घालायची. या कामाला पंधरा मिनिटं लागतात. गियरकेसचं काम निघालं तर हजारांत जातं.

सील ठीक असेल तर ड्रेन स्क्रूचे जुने वॉशर, मग शिफ्टच्या दांड्याची सील. मेकॅनिक गियरकेसमध्ये १० ते १५ पीएसआय हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती शोधतो. दुधट ऑइल घेऊन हिवाळ्यात बोट उभी करू नका. आत साठलेलं पाणी गोठलं की केसिंग तडकतं.

इंपेलर (इंजिन थंड ठेवणारं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) किती दिवसांनी बदलायचा? पाण्याची धार तर चांगली येते.

दर दोन वर्षांनी किंवा २०० ते ३०० तासांनी, जे आधी होईल ते. मागून येणारी धार एवढंच सांगते की पाणी चढतंय, किती चढतंय हे सांगत नाही. रबराची पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात आणि मग वेगात पुरेसं पाणी ओढत नाहीत. वाळूत, उथळ पाण्यात इंजिन चालवत असाल तर दर वर्षी बघा. काढल्यावर एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तुटका तुकडा शोधलाच पाहिजे. तो वर जाऊन पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो आणि नवा इंपेलर घालूनही इंजिन तापत राहतं.

पंपावरचं साधं पेट्रोल चालतं का?

दहा टक्के इथेनॉलचं, म्हणजे ई१०, चालतं. ई१५ चालत नाही. अमेरिकेत बोटीच्या इंजिनांत ते वापरायला कायद्यानेच मनाई आहे. रस्त्यावरच्या पंपावर ट्रेलर उभा करून भरताना नोझलवरची चिठ्ठी वाचा.

ई१० ची खरी अडचण पाणी. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. आकारमानाने साधारण अर्धा टक्का पाणी मिसळलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी जातं. १०० गॅलनच्या टाकीत अर्धा गॅलन पाणी म्हणजे काही फार नाही, भरण्याच्या झाकणाची रबरी रिंग फाटली असेल तर एका मोठ्या पावसात तेवढं आत जातं. इंधन ओढणारी नळी तळाशीच असते, त्यामुळे इंजिनाला आधी तेच मिश्रण मिळतं. एकदा फुटलेलं पेट्रोल कोणत्याही बाटलीतल्या औषधाने परत एक होत नाही. टाकी उपसावी लागते.

म्हणून झाकणाची रिंग दोन वर्षांनी बदला. बोट महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) घाला आणि इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते नळ्यांतही पोहोचतं. दर बदलीच्या वेळी जुन्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे.

डेकखालची टाकी गळते आहे हे कसं कळतं?

बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पेट्रोलचा वास आला की इंजिन सुरू करू नका, बॅटरीचा स्विचही फिरवू नका. सगळी झाकणं उघडा. दर वेळी टाकीच दोषी असते असं नाही, बऱ्याचदा भरण्याची किंवा हवेची रबरी नळी तडकलेली असते. पूर्ण भरल्यावरच वास येत असेल तर संशय नळ्यांवर.

अ‍ॅल्युमिनियमची टाकी बाहेरून गंजते. ओला फोम किंवा टाकीखालची पट्टी धातूला चिकटून राहिली की तिथे हवा पोहोचत नाही आणि बारीक खड्डे पडत जातात. बदलायला कन्सोलसमोरचं डेकमधलं मोठं झाकण काढावं लागतं. काही बोटींत ते नसतंच आणि डेक कापावा लागतो. खरेदीच्या वेळी ही एक गोष्ट जरूर विचारा. टाकी बाहेर काढली की नळ्या आणि लेव्हल सेन्सर दोन्ही नवे घाला. पुन्हा तो खड्डा उघडायची वेळ येऊ नये.

झिंक, म्हणजे अ‍ॅनोड, कधी बदलायचं?

अर्धं झिजलं की. खाऱ्या पाण्यात झिंक किंवा अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड, खाडीच्या मचूळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा. त्यावर रंग लावायचा नाही. अ‍ॅनोड वर्षभरात अजिबात झिजलाच नसेल तर आनंदून जाऊ नका: तो धातूशी जोडलेलाच नाही, आणि झिजायचं काम इंजिन करतंय. इंजिनाच्या आतही अ‍ॅनोड असतात, तेही काढून बघावे लागतात.

वायरिंगमध्ये दर वर्षी काहीतरी बंद पडतं. का?

गाडीची साधी तांब्याची वायर वापरली असेल तर खारी हवा टोकातून आत शिरते आणि आवरणाखाली हातभर आतपर्यंत तांबं काळं पडतं. बोटीत कलई केलेली मरीन वायर, आतून डिंक असलेली आकसणारी नळी आणि क्रिंप केलेली जोडणी हवी. बॅटरीवर पंखवाले नट असतील तर काढून नायलॉनचे लॉकनट लावा. आदळआपटीत पंखवाला नट सैल होतो आणि ऐन वेळी इंजिन फिरत नाही. प्रत्येक वायरला फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत असावा असं एबीवायसीचं (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचं) मानक सांगतं. जाड आवरणातल्या वायरींना आणि इंजिन सुरू करणाऱ्या वायरीला सवलत आहे.

बिल्ज पंपाचा आपोआप चालणारा फ्लोट स्विच मुख्य स्विचला वळसा घालून, स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीला जोडा. बोट बांधून घरी गेल्यावर मुख्य स्विच बंद असतो, आणि पंपाची गरज तेव्हाच असते.

पंपावरच्या आकड्यावर विसंबू नका. तासाला ११०० गॅलनचा पंप नळी, वळणं आणि उंची धरून त्याच्या निम्मं पाणी फेकतो. पाण्याखाली एक फुटावर दोन इंचांचं भोक पडलं तर मिनिटाला पन्नास ते ऐंशी गॅलन पाणी आत येतं. पंप झिरप काढण्यासाठी आहे, फुटलेली नळी सांभाळण्यासाठी नाही. पाण्याखालच्या फिटिंग ब्राँझच्या किंवा मॅरेलॉनच्या (एक मजबूत मरीन प्लॅस्टिक) हव्यात आणि नळीवर स्टेनलेसच्या दोन क्लिपा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या फिटिंग उन्हाने ठिसूळ होतात आणि धक्क्याने डोकं तुटून पडतं.

बोट पाण्यात ठेवावी, लिफ्टवर की ट्रेलरवर?

बोटीच्या आयुष्याचा विचार केला तर लिफ्ट (बोट पाण्यावर उचलून धरणारा सांगाडा) किंवा ट्रेलर, यात आमच्या मनात शंका नाही. पाण्यात ठेवायची असेल तर तळाला आधी इपॉक्सीचा बॅरिअर थर आणि त्यावर शेवाळ-शिंपले रोखणारा रंग लागतो, आणि तो एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. तांबं असलेला हा रंग अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाला किंवा ब्रॅकेटला लागता कामा नये. लागला तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

लिफ्टवर ड्रेन प्लग काढून ठेवा. पानांनी स्कपर (डेकवरचं पाणी बाहेर सोडणारी भोकं) तुंबले आणि पाऊस झाला तर पाण्याच्या वजनाने लिफ्टच्या तारा तुटतात. आणि पुढच्या वेळी बोट उतरवताना प्लग लावायचा. तो किल्लीच्या गोफाला बांधून ठेवायची सवय फार उपयोगी पडते.

ट्रेलरचे बेअरिंग वारंवार का जातात?

महामार्गावरून आल्यावर हब तापलेला असतो. तसाच थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढलं जातं. रॅम्पवर पोहोचल्यावर सामान चढवण्यात वीस मिनिटं घालवा, मग उतरवा. ग्रीस गन मारताना भरमसाट दाबू नका, मागची सील बाहेर येते आणि ग्रीस ब्रेकवर जातं. वर्षातून एकदा बेअरिंग काढून, धुऊन, पुन्हा ग्रीस भरा.

टायर नक्षी झिजून जात नाहीत, वयाने जातात. बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला. एक तयार बेअरिंग लावलेला हब, जॅक आणि स्पेअर चाक गाडीत असू द्या.

न्यू जर्सीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात बोट कशी शाकारायची?

पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, इंजिन धुणं, मॅन्युअल सांगत असेल तर फॉगिंग ऑइल (इंजिनाच्या आत फवारायचं गंजरोधक तेल), गियर ऑइल बदलणं, आणि इंजिन उभं ठेवून पूर्ण निथळणं. हे बहुतेक जण करतात. विसरतात ते लाइव्हवेलचा (मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा) पंप, डेक धुण्याचा पंप आणि त्यांच्या नळ्या. त्यांत गुलाबी, विषारी नसलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल खेळवा, तोटीतून गुलाबी रंग येईपर्यंत. बोटीची नाळ (पुढचं टोक) उंच करून ड्रेन प्लग काढा. बॅटऱ्या पूर्ण भरा: विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्या रिकाम्या बॅटऱ्या थंडीत गोठू शकतात. ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलेली बोट वसंतात बुरशीने काळी निघते.

फ्लोरिडात चक्रीवादळाचा इशारा आला तर?

मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ठरवायचं ते मे महिन्यातच ठरवा, कारण इशारा आल्यावर ट्रेलर ओढणारी माणसं आणि जागा दोन्ही मिळत नाहीत. लिफ्टवर बोट सोडून जाऊ नका. लाटेने पाणी चढलं की बोट लिफ्टवरून उचलली जाते. ट्रेलरवर, किनाऱ्यापासून आत आणि उंच जागी न्या, जमिनीत नांगर ठोकून पट्ट्यांनी बांधा, कॅनव्हास, गळ आणि इलेक्ट्रॉनिक्स काढा, ड्रेन प्लग उघडा ठेवा.

विम्याच्या कागदात दोन गोष्टी शोधा. नुकसानभरपाई ठरलेल्या रकमेवर आहे की घसारा वजा करून? आणि नाव दिलेल्या वादळासाठी वेगळी, मोठी वजावट आहे का? काही पॉलिसी बोट पाण्याबाहेर काढण्याच्या खर्चाचा वाटा देतात. तो मागायचा असतो, आपोआप मिळत नाही.

तटरक्षक दल अडवतं तेव्हा काय बघतं?

प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट, १६ फुटांहून मोठ्या बोटीत फेकायचं एक तरंगतं साधन, रात्र-दिवस चालणारे तीन फ्लेअर (तारीख उलटलेली नको), भोंगा, दिवे, नोंदणीचे कागद. कायमची टाकी असलेल्या सेंटर कन्सोलला अग्निशामक लागतो. २० एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार एकदाच वापरायचा अग्निशामक उत्पादनानंतर १२ वर्षांनी बाद होतो, आणि २०१८ किंवा त्यानंतरच्या मॉडेलवर किमान ५-बी दर्जाचा हवा. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटीत वेगाने जाताना इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला लावलेली असणं बंधनकारक आहे. ती लावाच. चालक बाहेर फेकला गेला की सुटी बोट गोल फिरत परत त्याच्यावरच येते. राज्यांचे नियम यावर आणखी भर घालतात.

माझी २२ फुटी बोट पाणी भरल्यावर तरंगेल का?

गृहीत धरू नका. पाणी भरूनही बोट आडवी-सपाट तरंगत राहावी ही सक्ती २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींनाच आहे, आणि किती माणसं, किती वजन हे सांगणारी पाटीही तिथपर्यंतच. त्यावरच्या मापात ती गोष्ट बनवणाऱ्यावर सोडलेली आहे. बॉस्टन व्हेलर १९५८ पासून पूर्ण फोम भरलेल्या बोटी बनवते, आणखी काही कंपन्याही तसं करतात. बाकीच्यांबद्दल कंपनीला लेखी विचारा. जमीन दिसेनाशी होईपर्यंत जाणार असाल तर नोआकडे (अमेरिकेच्या सागर आणि हवामान संस्थेकडे) मोफत नोंदणी केलेला ईपर्ब (उपग्रहामार्फत संकटाचा संकेत पाठवणारं यंत्र) किंवा तसाच अंगावरचा पीएलबी हवाच.

पेट्रोल किती लागतं?

पूर्ण थ्रॉटलवर चार-स्ट्रोक इंजिन ढोबळमानाने एचपीच्या दहाव्या हिश्शाइतके गॅलन तासाला पितं. २०० एचपी म्हणजे २० च्या आसपास. ३५०० ते ४००० आरपीएमवर २२ फुटी बोट गॅलनमागे दोन-तीन मैल देते. एक तृतीयांश जायला, एक यायला, एक राखीव.

नेहमीच्या वजनासह पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कंपनीने दिलेल्या आरपीएमपर्यंत पोहोचतं का, हे वर्षातून एकदा बघा. कमी पडत असेल तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात तो पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. एक इंच कमी केल्यावर दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात. आरपीएम वाढतो पण बोट ढकलली जात नाही, असं झालं तर पंख्याचा रबरी हब फिरलेला असतो. हळूहळू परत या.

वर्षाचा खर्च किती धरायचा?

इंजिन बदलायचा निधी सोडून, बोटीच्या किमतीच्या दहा टक्के हा प्रचलित ढोबळ अंदाज आहे. जुन्या बोटीला तो कमी पडतो, कारण स्वस्तात मिळालेल्या बोटीचं इंपेलर, टायर आणि विम्याचं बिल नव्या बोटीइतकंच येतं.

इंजिन नवं बसवावं की बोटच बदलावी?

ट्रान्सम, डेक आणि टाकी कोरडी आणि घट्ट असतील तर इंजिन बदला. यातलं एकही डळमळीत असेल तर वीस-पंचवीस हजार डॉलरचं इंजिन त्या अंगावर टांगू नका.

वजनही मोजा. आजचं २०० एचपीचं इंजिन साधारण ४७५ ते ५०० पौंडांचं असतं, जुन्या दोन-स्ट्रोकपेक्षा बऱ्याचदा जड. मागचा भाग खाली बसला की स्कपर पाण्याच्या पातळीखाली जातात आणि डेकवरचं पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्राचं पाणी आत येतं. करार करण्याआधी मागच्या कोपऱ्यात वाढीव वजनाइतकी वाळूची पोती ठेवून, लाइव्हवेल भरून (३० गॅलन म्हणजे अडीचशे पौंड) आणि दोन माणसं मागे उभी करून बघा. पाणी वर आलं तर बॅटऱ्या कन्सोलखाली हलवता येतील का ते तपासा.

कोकणातल्या फायबरच्या होडीला यातलं काय लागू पडतं?

आउटबोर्ड लावलेल्या होडीला गियर ऑइल, इंपेलर, झिंक, पंख्यामागची दोरी हे सगळं जसंच्या तसं. जून-जुलैच्या बंदीत होडी किनाऱ्यावर शाकारताना इंजिन उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, उभंच टांगून ठेवा आणि होडीला नाळेकडून उंच टेकण द्या, म्हणजे झाकणाखाली शिरलेलं पावसाचं पाणी मागच्या भोकातून निघून जातं.

पेट्रोलच्या बाबतीत जास्त जपायला हवं. आपल्याकडे पंपावर आता ई२० मिळतं आणि बऱ्याच आउटबोर्डांच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा दहा टक्के लिहिलेली असते. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या, प्रायमरचा फुगा आणि कार्बोरेटरचे डायफ्रॅम यामुळे मऊ पडतात किंवा तडकतात. मोसमाच्या सुरुवातीला फुगा दाबून बघा: घट्ट व्हायला हवा. दाबत राहूनही मऊच राहिला तर हवा ओढली जातेय. नळीची टोकं कापून नव्या क्लिपा लावा, तरी नाही जमलं तर फुगा नळीसकट बदला.